आतली गाडी बॅटरीची, बाहेरची डिझेलची

गेल्या आठवड्यात तासगावहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याच्या कोल्ड स्टोरेजचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय आणि बेदाण्याच्या पुढच्या हंगामाआधी त्याला ते सुरू करायचंय. तिथं फोर्कलिफ्ट लागते, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर (फोर्कवर) माल उचलून नेणारी गाडी. "ताई, फोर्कलिफ्ट डिझेलची घेऊ का बॅटरीची? दोन्हीची कोटेशनं आल्यात. बॅटरीची पाच लाखांनी महाग पडतीय." मी म्हटलं, "कोटेशनं ठेव बाजूला. गाडी दिवसाला किती तास चालणार आणि कुठं चालणार, ते आधी सांग." त्याला सांगता येईना. त्यात त्याची चूक नाही, आम्हालाही कुणी हे विचारलं नव्हतं. तासभर बोललो तरी निम्मं राहून गेलं, म्हणून इथं सविस्तर लिहिते. कुपवाड-मिरज-तासगाव भागात सध्या बरेच जण याच विचारात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

आमचं कोल्ड स्टोरेज सांगलीजवळ कुपवाडला आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. चार चेंबर (थंड खोल्या) बेदाण्याचे, शेजारी हळदीचं गोदाम, आणि बेदाणा निवडायला एक मोठा हॉल. ऑफिस आणि मालाची आवकजावक २०११ पासून माझ्याकडे आहे. गाडी चालवतात ते मामा. नात्यानं ते कुणाचेच मामा नाहीत, पण हमालांपासून हॉलमधल्या बायकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. फोर्कलिफ्टवर त्यांचा हात बसून वीस वर्षं झाली. या लेखातलं निम्मं शहाणपण त्यांचं आहे.

सुरुवातीला आमच्याकडे एकच गाडी होती, तीन टनी डिझेल. आवारातल्या मुरमावर, पावसात, खड्ड्यात, कुठंही चालायची. ट्रकमधून पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी फळी, उतरवायची, डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर आणायची, तिथून हमाल हँड पॅलेटच्या हातगाडीनं चेंबरमध्ये ओढायचे. चेंबरात डिझेलची गाडी न्यायची नाही, हा सासऱ्यांचा नियम होता. बंद खोलीत धूर कोंडला की बेदाण्याला वास लागतो. पण हॉलमध्ये मात्र ती जायची. हॉलला दोन मोठी दारं, वर पंखे, त्यामुळे आम्हाला वाटायचं की तिथं काही अडचण नाही.

२०२१ च्या मार्चमधली गोष्ट आहे. हंगाम ऐन भरात होता आणि दिवसभर पॅलेटची ये-जा चालली होती. संध्याकाळी हजेरी घ्यायला हॉलमध्ये गेले तर एका मावशींनी मला थांबवलं. बेदाणा निवडताना त्या नाकावर पदर बांधून बसतात. त्यांनी पदर सोडला आणि त्याची नाकाला लागणारी बाजू उलटी करून माझ्यापुढं धरली. पिवळ्या कापडावर दोन काळे डाग होते, बरोबर दोन नाकपुड्यांच्या जागी. "वहिनी, रोज धुतीय मी ह्यो. रोज असाच हुतोय." दुसरं काही बोलल्या नाहीत त्या. मी बाजूच्या थप्पीतल्या एका बॉक्सवरून बोट फिरवलं, तर चिकटपट्टीवर काजळीची रेघ उठली. आतला माल प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्याला काही झालं नव्हतं. पण ज्या बाया तो माल दाणा दाणा बघून निवडत होत्या, त्यांच्या नाकापुढं फक्त पदर होता.

त्या रात्री मी वाचायला बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. नऊ वर्षं ही गोष्ट जाहीर होती आणि आमची गाडी हॉलमध्ये फिरत होती. दुसऱ्या दिवसापासून डिझेलची गाडी हॉलच्या दाराबाहेर थांबायला लागली. हमालांची ओढाओढ वाढली, काम मंदावलं, दोन पार्ट्यांच्या गाड्या ताटकळल्या. तरी ती पुन्हा आत गेली नाही. गाडी निवडताना पहिला प्रश्न पैशाचा नाही, असं मी भावाला सांगते ते यामुळे. छताखाली माणसं बसणार असतील, तर तिथं डिझेलचा विषयच काढायचा नाही. पैशाचा हिशेब त्याच्यानंतर.

मग बॅटरीची गाडी शोधायला लागलो आणि पहिल्याच खेपेला ठेच लागली. नव्या गाडीचे पैसे त्या वर्षी नव्हते, म्हणून एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून वापरलेली दोन टनी गाडी घेतली, लेड-ऍसिड बॅटरीची. बघायला गेलो तेव्हा काटा पूर्ण चार्ज दाखवत होता. मामांनी चालवून बघितली, मास्ट (फोर्क वर नेणारा पुढचा उभा सांगाडा) वर-खाली केला, सगळं झकास. हंगाम सुरू झाला आणि गाडी दीड तासात मान टाकायला लागली.

लेड-ऍसिडच्या त्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल असतात, मिळून ४८ व्होल्ट. प्रत्येक सेलचं झाकण उघडून हायड्रोमीटरनं ऍसिडची घनता मोजता येते. पूर्ण चार्ज झालेला चांगला सेल १२८० च्या आसपास दाखवतो. आमच्या २४ पैकी तीन सेल रात्रभर चार्ज करूनही ११८० च्या वर जाईनात. एकवीस चांगल्या सेलना ते तीन मागं ओढत होते. हे हायड्रोमीटर अगदी स्वस्तात मिळतं आणि चोवीस सेल तपासायला अर्धा तास पुरतो. घेतानाच तो अर्धा तास काढला असता, तर आमचे पैसे वाचले असते. जुनी बॅटरीची गाडी बघायला जाल तेव्हा काट्याकडे बघू नका. एकेक सेल मोजा, आणि नेहमीचं वजन उचलून गाडी सलग चार तास चालवायला मागा. चार तास द्यायला जो कबूल होत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

तिच्यावरच मी लेड-ऍसिडची शिस्त शिकले. आठ तास काम, आठ तास चार्जिंग, मग थंड व्हायला वेळ. पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, वीस टक्के शिल्लक असतानाच लावायची. डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्जिंग झाल्यावर. एकदा एका नव्या पोरानं सकाळी लवकर आटपावं म्हणून संध्याकाळीच सगळे सेल काठोकाठ भरले आणि चार्जर लावून घरी गेला. चार्ज होताना आतलं पाणी फुगून वर येतं. सकाळी ऍसिड बाहेर सांडून फरशीला पांढरे चट्टे पडले होते, आणि ते पुसताना मामांच्या सदऱ्याला दोन जागी भोकं पडली. शिवाय चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. आम्ही चार्जर आधी अँटी रूममध्ये, म्हणजे चेंबरच्या दाराबाहेरच्या बंद खोलीत ठेवला होता, मामांनीच हट्ट धरून तो बाहेर उघड्या पत्र्याच्या शेडखाली आणायला लावला. "आत लावायचा आसंल तर मी रातीला थांबनार न्हाई वहिनी," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

एवढं सगळं पाळलं तर लेड-ऍसिड वाईट नाही. दीड हजार वेळा चार्ज होते, नीट सांभाळली तर पाच वर्षं जाते. पण आमच्याकडे हंगामात रात्री अकराला गाडी आली तर अकराला उतरवावी लागते. बॅटरीला आठ तास झोपू द्यायची चैन आम्हाला परवडत नाही. एका गाडीला दोन बॅटऱ्या ठेवायच्या तर ती टनाची बॅटरी बदलायला वेगळी क्रेन हवी.

मध्यंतरी एकानं सुचवलं की जुन्या गाडीत लिथियम बॅटरीचा पॅक बसवून देतो, निम्म्यात काम होईल. मामा ऐकून घेत होते. मग त्यांनी त्याला गाडीच्या बाजूची पत्र्याची पाटी दाखवली. तिच्यावर गाडी किती वजन किती उंचीवर उचलते ते असतं, आणि बॅटरीच्या गाडीवर आणखी एक आकडा असतो: बॅटरीचं कमीत कमी वजन. आमच्या पाटीवर तो नऊशे किलोच्या वर होता. तो माणूस बसवणार होता तो पॅक तीनशे किलोचा. "मागचं साशे किलो कुटनं आननार?" मामांनी विचारलं. फोर्कलिफ्ट म्हणजे तराजूच आहे. पुढच्या चाकावर ती तोललेली असते, पुढं माल आणि मागं वजन. बॅटरीच्या गाडीत ती बॅटरी हेच मागचं वजन असतं. ते काढून घेतलं की माल वर नेताना मागची चाकं उचलणार. तो म्हणाला, लोखंडी प्लेटा वेल्ड करून देतो. पण किती, कुठं, आणि नवी पाटी लेखी कोण देणार, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही नको म्हटलं, आणि ते बरोबरच केलं.

शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर कर्ज काढून नवी घेतली: दोन टनी, लिथियमची, तीन टप्प्यांच्या मास्टची. दोन टन का, तर आमची बेदाण्याची पॅलेट म्हणजे १५ किलोचे ६० बॉक्स, ९०० किलो. हळदीची वीस पोती ठेवली तर हजार. इतकी वर्षं आम्ही हजार किलोसाठी तीन टनी गाडी पळवत होतो. मात्र एक लक्षात ठेवा. दोन टन म्हणजे कमी उंचीवर, आणि मालाचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असताना. वर जाईल तशी ताकद कमी होते. साडेचार मीटरवर आमच्या गाडीच्या पाटीवर १६०० किलो लिहिलंय. हा आकडा विक्रेता आपणहून सांगत नाही, पाटीवर वाचायचा असतो.

आता पैशाचं. चार्जरला मी वेगळा सबमीटर लावून घेतला, नाहीतर चेंबर थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या बिलात काहीच कळत नाही. गाडी किती तास चालली ते मोजणाऱ्या अवर मीटरशी ताळा घालून बघितलं तर तासाला साडेचार-पाच युनिट पडतात. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या आसपास जातात, म्हणजे तासाला पन्नास रुपये. डिझेलची गाडी तासाला अडीच लिटर घ्यायची. लिटर नव्वदचं धरलं तरी सव्वादोनशे. फरक पावणेदोनशेचा. हंगामात गाडी सात-आठ तास चालते, पावसाळ्यात कसेबसे दोन, सगळे मिळून वर्षाला अकराशे तास होतात. म्हणजे वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार नुसत्या इंधनात वाचतात. दर अडीचशे तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचे, ते वेगळेच. वरचे पाच लाख अडीच-पावणेतीन वर्षांत फिटतात, आणि आमचे तसे फिटले आहेत.

पण हाच हिशेब वर्षाला तीनशे तासांवर मांडून बघा. साडेबावन्न हजार वाचतात, आणि पाच लाख फिटायला साडेनऊ वर्षं लागतात. नुसत्या उघड्या आवारात दिवसाला एक तास गाडी लागणाऱ्या माणसाला कुणी बॅटरीची गळ्यात मारत असेल तर त्यानं घेऊ नये, असं मी स्वच्छ सांगते. तास मोजल्याशिवाय दोन्ही बाजूंचं बोलणं फुकट आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आजच अवर मीटरचा आकडा वहीत लिहावा आणि महिन्यानं पुन्हा बघावा.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला बिल आल्यावर कळली. लिथियमची गंमत अशी की चहाच्या पंधरा मिनिटांत, जेवणाच्या पाऊण तासात लावली तरी चालते, बॅटरीचं नुकसान होत नाही. मामा दुपारी एकला जेवायला बसताना लावायचे. पण आमचा चार्जर दहा किलोवॅटचा, आणि एप्रिलमध्ये दुपारी एकला चारही चेंबरचे कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनं चालू असतात. दोन्ही एकत्र आल्यावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर असलेला एका वेळचा सगळ्यात जास्त भार, ओलांडली गेली आणि बिलात दंडाची रक्कम आली. मग वायरमनला बोलावून चार्जरचा करंट दुपारपुरता निम्मा केला, आणि पूर्ण चार्जिंग पहाटे. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी चार्जर घेण्याआधी आपली मंजूर डिमांड आणि उन्हाळ्यातली सगळ्यात जास्त नोंद शेजारी शेजारी ठेवून बघावी.

थंडीचं लोक फार विचारतात. आमचे चेंबर चार-पाच अंशांवर असतात. तेवढ्यात लिथियम व्यवस्थित चालते, फक्त शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते. आम्ही चेंबरात गाडी कधी उभीच करत नाही, माल ठेवला की बाहेर. खरा त्रास असतो तो बाहेर येतानाचा. जूनमध्ये बाहेर दमट हवा आणि गाडी आतून गार होऊन आलेली, की तिला अंगभर घाम फुटतो. पत्र्यावर, फोर्कवर, वायरींच्या जोडांवर सगळीकडे थेंब. पहिल्या पावसाळ्यात एका कनेक्टरवर हिरवट गंज धरला आणि गाडी मध्येच बंद पडायला लागली. आता मामा बाहेर आले की कोरड्या फडक्यानं कनेक्टर पुसतात, मगच चार्जरला हात लावतात.

रॅम्पचं मात्र आमचं चुकलं. आवारातून डॉकवर चढणारा रॅम्प सासऱ्यांनी डिझेलच्या गाडीसाठी बांधलेला, आठ फुटाला एक फूट असा खडा. डिझेल त्यावरून सहज चढायची. नवी गाडी हजार किलो घेऊन दिवसातून चाळीस वेळा चढायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मोटर तापून कंट्रोलरनं तिला बंद पाडलं, भर रॅम्पवर, माल घेऊन. मामांनी हँडब्रेक ओढला, चाकामागं लाकडी ठोकळा लावायला लावला आणि आम्ही सगळे वीस मिनिटं ती थंड व्हायची वाट बघत उभे. माल चढाच्या बाजूला होता म्हणून निभावलं. मालाची गाडी चढताना पुढं आणि उतरताना मागं चालवायची असते, हे मामांनी कधी मोडलेलं नाही. नंतर रॅम्प बाराला एक करून घेतला. तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता. भावा, तुझा रॅम्प अजून व्हायचाय, तेवढं ध्यानात ठेव.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. डिझेलची गाडी येताना सगळ्यांना ऐकू यायची. ही येते ते कळतच नाही. पहिल्याच महिन्यात एक मावशी घमेलं घेऊन मागं मागं सरकत रस्त्यात आल्या, आणि मामांनी ब्रेक दाबला तेव्हा फोर्कचं टोक त्यांच्या पायापासून हातभर होतं. त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश घेऊन हॉलमध्ये पिवळा पट्टा ओढला, आणि आम्ही गाडीला निळा दिवा बसवला. गाडीच्या पुढं आठ-दहा फुटांवर जमिनीवर त्याचा निळा ठिपका पडतो. गाडी दिसायच्या आधी ठिपका दिसतो. दारातून आत येताना हॉर्न द्यायचाच, मग आत कुणी असो वा नसो. पण हॉल शांत झाल्याचं बायकांना जे सुख आहे ते मी रोज बघते. पूर्वी ओरडून बोलावं लागायचं. आता निवडता निवडता गप्पा चालतात, मध्येच कुणी ओवी म्हणतं. आणि त्या मावशींचा पदर संध्याकाळी धुळीनं मळतो, काळा होत नाही.

मग डिझेलची गाडी विकली का? नाही. आमच्या भाऊजींना विकायची होती, मीच अडून बसले, ते २०१९ मुळं.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. कुपवाड उंचावर, आमच्याकडे पाणी येत नाही, पण वीज गेली होती. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या एका नातलगांच्या गोदामात हळद होती, आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. हळद एकदा भिजली की संपली. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांमध्ये, २००५ च्या पुराचं पाणी शिरलं होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून पोती आमच्याकडे यायला लागली. आवारात अंधार. जनरेटर होता तो चेंबरसाठी, त्याच्यातलं डिझेल बेदाण्यासाठी राखून ठेवलेलं. मामांनी फोर्कलिफ्ट सुरू केली. तिचा एकच दिवा लागायचा. त्या एका दिव्याच्या उजेडात, पावसात, गुडघ्याएवढ्या चिखलातून त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोती हलवली. डिझेल संपलं की कॅननं ओतायचं, दोन मिनिटांत पुन्हा सुरू. अवर मीटरवर त्या चोवीस तासांत चौदा तास पडले होते. हे काम बॅटरीच्या गाडीला जमलं नसतं. संपल्यावर तिला लावायला वीज नव्हती, आणि त्या पावसात तिला बाहेर काढायची माझी हिंमतही झाली नसती. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हाही तीच गाडी उपयोगाला आली.

त्यामुळे आमच्याकडे वाटणी अशी आहे. छताखालचं सगळं बॅटरीच्या गाडीकडे. मुरमावरचं, पावसातलं, ट्रकच्या मागचं डिझेलकडे, आणि ती डॉकच्या कडेला माल ठेवून परत फिरते, पिवळ्या पट्ट्याच्या आत येत नाही.

भावाचं गणित थोडं वेगळं आहे. त्याचे दोनच चेंबर, नवीन धंदा, वर्षाला पाचशे तास झाले तरी खूप. त्याच्या बाजूचा विजेचा फीडर दिवसातून दोन-तीनदा जातो. तो म्हणाला, "जनरेटरवर चार्ज करीन की." मी त्याला तिथंच थांबवलं. जनरेटर एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट देतो. गाडीला तासाला पाच युनिट लागली तर दीड लिटर डिझेल गेलंच, मग बचत निम्मीच राहिली. कधीमधी ठीक, रोजचं धोरण म्हणून नाही. पण त्याच्याही हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका बसणार आहेत. तेव्हा आत बॅटरीचीच, यावर मी ठाम आहे. दोन टनी कशाला, दीड टनी बघ म्हटलं, आणि आवारातल्या कामाला हंगामापुरती डिझेलची गाडी भाड्यानं घे. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत ड्रायव्हरसकट मिळते. दोन वर्षं तास मोज, मग विकत घ्यायची का ते ठरव.

त्याला एक फायदा आहे, जो आम्हाला नव्हता. त्याच्या चेंबरातले रस्ते अजून आखायचे आहेत. साध्या फोर्कलिफ्टला पॅलेट घेऊन वळायला साडेतीन मीटरच्या आसपास जागा लागते. रीच ट्रक, म्हणजे फोर्क पुढं सरकवून रॅकवर माल ठेवणारी बॅटरीची गाडी, पावणेतीन मीटरमध्ये वळतो, पण त्याला एकदम सपाट फरशी हवी आणि तो मुरमावर चालत नाही. आधी गाडी ठरली तर रॅकची एक रांग जास्त बसू शकते. त्यानं इंजिनिअरला सांगून फरशीचं काम पंधरा दिवस थांबवलंय, आणि मला ते फार बरं वाटलं.

येत्या गुरुवारी त्याच्याकडे विक्रेत्याची गाडी चालवून बघायला येणार आहे. मामांना घेऊन मी जाणार आहे. मामांनी आत्ताच बजावलंय, "वहिनी, त्यास्नी म्हनावं रिकामी फिरवून दावू नका. हजार किलो उचलून वर न्या, आनि आर्धा तास तसंच काम करून दावा." हळदीची वीस पोती भावाकडे पोहोचवायची सोय मी केली आहे.

आमच्या जुन्या डिझेल गाडीला दर शनिवारी वीस मिनिटं चालवतो, काम असो नसो, पॅलेट उचलून. परवा सुरू करायला दोन वेळा स्टार्टर मारावा लागला, म्हणून तिची बॅटरी आणि पुढचा तो दुसरा दिवा, दोन्ही या आठवड्यात बदलून घेतेय. जून तोंडावर आलाय.